जाणाऱ्याकडून घेतलेली देणगी

ताईचा फोन रविवारी सकाळी आला. साडेआठच्या सुमारास, म्हणजे माझा पेपर अर्धाही वाचून व्हायच्या आत. एवढ्या सकाळी ती फोन करते तेव्हा काहीतरी बिनसलेले असते, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला कळते.

"अरे, एक विचारू का?" ती म्हणाली. "घर माझं, विकणार मी, घेणाराही तयार आहे. मग सोसायटीला दोन लाख चार हजार रुपये कशाबद्दल द्यायचे?"

ही २०१९ सालची गोष्ट. ताई तेव्हा ठाण्यात एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारत १९८६ ची, लिफ्ट नाही. भावोजी गेल्यानंतर तिचे गुडघे एकेक जिना मोजू लागले आणि शेवटी तिने पुण्याला मुलीजवळ जायचे ठरवले. ब्लॉक अडुसष्ट लाखांना ठरला. घेणारे जोडपे तरुण, दोघेही नोकरी करणारे, बँकेचे कर्ज काढून घर घेणारे. सगळे जुळून आले होते. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहाच्या कपासोबत सांगितले, की आपल्याकडे विक्रीच्या किमतीच्या तीन टक्के 'बिल्डिंग फंडा'ला देण्याची पद्धत आहे.

तीन टक्के म्हणजे दोन लाख चार हजार. ताईने हिशेब वहीत मांडून पाहिला होता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. आकडा चुकणार नव्हता. तिला कळत नव्हते ते त्या आकड्यामागचे कारण.

मी दुसऱ्या रविवारी ठाण्याला गेलो. सेक्रेटरी चाळिशीतले, सभ्य गृहस्थ. स्वतःची नोकरी सांभाळून सोसायटीचे काम बघणारे. अशा माणसांना शिव्या देणे सोपे असते, पण पाण्याची मोटार रात्री अकराला बंद पडली की तेच खाली उतरतात, हेही खरे. त्यांनी मला गच्चीवर नेले, गळती दाखवली, कंत्राटदाराचे अंदाजपत्रक दाखवले. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचे प्लॅस्टर मिळून एकोणीस लाख. मग ते म्हणाले, "काका, सक्ती नाही हो. देणगी आहे. पण सगळ्यांनी दिली आहे आतापर्यंत."

हे वाक्य ऐकले आणि मी एकदम गप्प झालो. कारण हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. ते पूर्वी मी स्वतः बोललो होतो.

त्याबद्दल पुढे सांगतो. आधी नियम काय आहे ते पाहू. कारण या विषयात बहुतेकांची फसगत नियम ठाऊक नसल्यामुळेच होते.

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाहून अधिक आहेत. त्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. या कायद्याच्या कलम ७९-अ खाली शासनाने ९ ऑगस्ट २००१ रोजी एक आदेश काढला. सभासदाने आपली सदनिका विकली तर संस्थेने हस्तांतराचे अधिमूल्य, म्हणजे आपण ज्याला 'प्रीमियम' म्हणतो ते, जास्तीत जास्त किती घ्यावे हे त्यात ठरवून दिले. महानगरपालिकेच्या हद्दीत २५,००० रुपये. अ वर्ग नगरपालिकेत २०,०००. ब वर्गात १५,०००. क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५,०००. ही कमाल मर्यादा आहे. तिच्या आत किती घ्यायचे ते सर्वसाधारण सभेने ठरवायचे. याखेरीज हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि नव्या सभासदाचे प्रवेश शुल्क १०० रुपये. बस्स.

आदर्श उपविधींमध्ये पुढे स्पष्ट म्हटले आहे, की देणगी, वर्गणी किंवा अन्य कोणत्याही नावाखाली विकणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून यापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येणार नाही. घर कुटुंबातल्याच माणसाच्या नावे झाले, सभासदाच्या मृत्यूनंतर वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे झाले, किंवा दोन सभासदांनी आपापसात ब्लॉक बदलून घेतले, तर हे अधिमूल्य मुळीच लागत नाही. भावोजींच्या मागे ब्लॉक ताईच्या नावावर करताना याच सोसायटीने पाच हजार रुपये 'नाव चढवण्याचे' म्हणून घेतले होते. तेही गैरच होते. पण तेव्हा घरात दुःख होते आणि पाच हजारांसाठी वाद घालण्याची कुणाची मनःस्थिती नव्हती. माणसाची अडचण आणि सोसायटीची मागणी यांची गाठ बहुधा अशाच वेळी पडते.

म्हणजे ताईकडून सोसायटीला जास्तीत जास्त पंचवीस हजार अधिक पाचशे एवढे मागता येत होते. मागितले होते त्याच्या आठपट.

आता माझी गोष्ट. बँकेतला माणूस एखाद्या सोसायटीत राहायला आला, की वर्षभरात लोक त्याला खजिनदार करतात. मलाही केले. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी १९९४ ते १९९८ खजिनदार होतो. हिशेब चोख ठेवले, लेखापरीक्षणात एक शेरा येऊ दिला नाही. याचा मला फार अभिमान होता.

१९९६ साली आमच्या तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी ब्लॉक विकायला काढला. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, गावी कोकणात परत जायचे म्हणत होते. ब्लॉक साडेचार लाखांना गेला. आमच्या कमिटीने त्यांच्याकडे पंधरा हजारांची देणगी मागितली. नियमात काय बसते हे आम्ही कोणी पाहिलेही नाही. गृहस्थ कमिटीसमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. म्हणाले, "साहेब, ऐच्छिक देणगी म्हणता. म्हणजे नाही दिली तरी चालेल ना?"

आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, "सक्ती नाही हो. पण सगळ्यांनी दिली आहे आतापर्यंत." तेही हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पैसे घेऊन आले. पावती मी लिहिली. 'इमारत निधीस ऐच्छिक देणगी रु. १५,०००.' अक्षर माझे आणि सहीही माझीच.

हे सगळे मला ठाण्याच्या त्या गच्चीवर आठवले. खाली आलो तर ताईने विचारले, "काय म्हणाले?" मी सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. शाळेत मुलाने उत्तर कुणाचे पाहून लिहिले आहे हे ओळखणाऱ्या बाईंची नजर असते, तशी नजर. "तू खजिनदार होतास तेव्हा तुम्हीपण घ्यायचात का रे?" खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "घ्यायचो." ती काही बोलली नाही. उठून तिने पोहे टाकले.

सोसायटी नावाची वस्तू मुळात कशासाठी निघाली, याचा त्यानंतर मी पुष्कळ विचार केला.

आमचे बालपण दादरच्या चाळीत गेले. खोली पागडीची. पागडीची खोली म्हणजे भाडेकरूची आणि नसल्यासारखीही. खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाकडे जाऊन भाड्याच्या पावतीवरचे नाव बदलून घ्यावे लागे आणि त्यासाठी रिवाजाने किमतीचा तिसरा हिस्सा मालकाच्या हातावर ठेवावा लागे. आमच्या वडिलांनी ती खोली सोडली तेव्हा त्यांनीही ठेवला. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, की आता जिथे जाऊ तिथे मालक नको.

मालक नको, ही या चळवळीची मूळ प्रेरणा. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्याआधी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था, जिची पुढे बँक झाली, ती काढणारेही तेच. कल्पना साधी होती. भाडेकरूंनीच एकत्र यायचे, पैसे जमवायचे आणि स्वतःच स्वतःचे मालक व्हायचे. भाडे वाढवणारा आणि नाव बदलायला हिस्सा मागणारा मधला माणूसच काढून टाकायचा.

आपण 'ओनरशिपचा ब्लॉक' म्हणतो, तो खरे तर सामायिक मालकीचा प्रकार आहे. चार भिंतींच्या आतले आपले. जिना, गच्ची, टाकी, पायाखालची जमीन सगळ्यांची. आपल्या हातात कागद असतो तो पन्नास रुपयांच्या पाच शेअरांच्या दाखल्याचा. अडीचशे रुपयांचे ते शेअर सर्टिफिकेट कपाटात इतके जपून ठेवलेले असते की वेळेला सापडत नाही. पण सगळा व्यवहार त्याच्या पाठीमागच्या एका ओळीवर अडतो. त्या ओळीत नव्या माणसाचे नाव लिहायचे आणि चेअरमन, सेक्रेटरी यांनी सही करायची. ही सही ज्याच्या हातात, तो त्या क्षणापुरता मालक. मालक नको म्हणून काढलेल्या संस्थेने विक्रीच्या दिवशी मालकाचीच खुर्ची पकडावी आणि टक्केवारीने हिस्सा मागावा, म्हणजे पागडीच झाली की! फरक एवढाच, की चाळीचा मालक त्याला देणगी म्हणत नसे.

सामायिक मालकी आली की हा पेच येतोच, आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. माझी एक पुतणी इंग्लंडमध्ये असते. तिकडे 'शेअर्ड ओनरशिप' नावाची योजना आहे. पूर्ण घर परवडत नाही अशा माणसाने घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा, पूर्वी किमान पाव आणि २०२१ च्या नव्या नमुन्यात किमान दहावा, आणि उरलेल्या हिश्श्याचे भाडे गृहसंस्थेला भरत राहायचे. पुतणीने अर्धे घर असे घेतले. घेताना आनंदीआनंद. विकायला निघाली तेव्हा कळले, की आधी गृहसंस्थेला कळवायचे; मग जुन्या करारांत आठ आठवडे आणि नव्यांत चार आठवडे गिऱ्हाईक शोधायचा पहिला हक्क त्यांचा. नोंदणीकृत मूल्यांकन करणाऱ्याकडून किंमत काढून घ्यायची, तिची फी विकणाऱ्याने भरायची. ते मूल्यांकन साधारण तीन महिनेच चालते. तेवढ्यात व्यवहार झाला नाही तर पुन्हा फी. वर गृहसंस्थेचे प्रशासकीय शुल्क, वकिलाची फी निराळी. "काका," ती फोनवर म्हणाली, "मालकी अर्धी आहे, पण बिलं सगळी पूर्ण येतात." तिचे ऐकताना मला ठाण्याची गच्ची दिसत होती. देश वेगळा, कायदा वेगळा. पण आत येताना कोणी न सांगितलेला खर्च बाहेर पडताना दारात उभा, हे दोन्हीकडे सारखेच.

कमिटीची बाजू मात्र न्यायाने मांडायला हवी. गच्ची गळत होती हे खोटे नव्हते. एकोणीस लाख कुठून आणायचे?

उपविधींनी यासाठी दोन निधी सांगितले आहेत. सिंकिंग फंड, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का. आणि दुरुस्ती-देखभाल निधी, दरसाल किमान पाऊण टक्का. ताईच्या ब्लॉकचा बांधकाम खर्च १९८६ साली एक लाख वीस हजार धरला होता. त्यावर पाव टक्का म्हणजे वर्षाला तीनशे रुपये आणि पाऊण टक्का म्हणजे नऊशे. दोन्ही मिळून महिन्याला शंभर रुपये. चोवीस ब्लॉकचे वर्षाला अठ्ठावीस हजार आठशे. व्याज बाजूला ठेवले, तर एकोणीस लाख जमायला सहासष्ट वर्षे लागतील. तोवर गच्ची थांबणार नाही.

नियमातला शब्द 'किमान' आहे. सर्वसाधारण सभेला ही रक्कम वाढवता येते. एकोणीस लाख चोवीस घरांत वाटले, तर प्रत्येकी साधारण एकोणऐंशी हजार; तीन वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे बावीसशे रुपये. हे अशक्य नाही, पण अप्रिय आहे. सभेत हा ठराव मांडला की आवाज चढतात. कोणी म्हणते माझे पेन्शन, कोणी म्हणते मी तळमजल्यावर, गच्चीशी माझा संबंध काय. मग कमिटी सोपा मार्ग पकडते. जो चालला आहे त्याच्याकडून घ्यायचे.

हा मार्ग सोपा का असतो? बँकेतल्या माणसाला हा प्रश्न पडायला उशीर झाला, पण उत्तर सरळ आहे. विकणारा निघालेला असतो. पुढच्या सभेत हात वर करायला तो नसतो. घेणारा अजून सभासद झालेला नसतो. त्यालाही हात नसतो. दोघांनाही घाई असते. एकाचे पुढचे घर अडलेले, दुसऱ्याचे कर्ज मंजूर होऊन मुदत चालू झालेली. ज्याला मत नाही आणि ज्याला वेळ नाही, अशा माणसावर बसवलेला हा कर आहे. म्हणून त्याला कायद्याची मर्यादा लागते. जे बसून राहणार आहेत, त्यांनी आपापसात कितीही वर्गणी ठरवावी. ते एकमेकांशी भांडून ती कमी-जास्त करू शकतात. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला भांडता येत नाही.

सोसायट्यांच्या हस्तांतर शुल्काला आयकर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१८ साली न्यायालयाने निकाल दिला, की हे पैसे सभासदांकडून येतात आणि सभासदांसाठीच खर्च होतात. ही परस्परांसाठीची व्यवस्था आहे, नफ्याचा धंदा नाही. म्हणून त्यावर आयकर नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण मला वाटते, प्रत्येक कमिटीने हे 'परस्परांसाठी' स्वतःला एकदा विचारून पाहावे. ताईच्या दोन लाखांनी दुरुस्त झालेल्या गच्चीखाली ताई एक दिवसही राहणार नव्हती.

आणखी एक कबुली द्यायची राहिली. आदर्श उपविधींप्रमाणे ब्लॉक विकायला सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही. गरज लागते ती बँकेला. मी शाखेत घरकर्जे बघत असताना कित्येक अर्ज केवळ 'सोसायटीचा दाखला जोडलेला नाही' असा शेरा मारून परत पाठवले आहेत. बँकेचे हित पाहणे हे माझे कामच होते. पण तो दाखला मिळवण्यासाठी अर्जदाराला काय मोजावे लागते, हे मी एकदाही विचारले नाही. सोसायटीच्या हातातली चावी आम्ही बँकवाल्यांनीच जड केली.

ताईने शेवटी काय केले ते सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांना त्याचा उपयोग होईल. तिने कुणाशी भांडण केले नाही. हस्तांतराच्या इराद्याची पंधरा दिवसांची रीतसर नोटीस दिली, सोबत घेणाऱ्याची संमती. मग विहित नमुन्यातले दोघांचे अर्ज, मुद्रांक भरून नोंदवलेल्या कराराची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि दोन चेक: एक पंचवीस हजारांचा, एक पाचशेचा. घेणाऱ्याने प्रवेश शुल्काचे शंभर रुपये जोडले. सेक्रेटरींनी कागद घ्यायला नकार दिला. तेव्हा तिने तेच कागद रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवले. तिच्या शिक्षकी अक्षरात पत्राचा शेवट होता: 'अर्जावरील निर्णय तीन महिन्यांच्या आत कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे, याची नम्र आठवण.'

पाच आठवडे उत्तर नाही. घेणारे जोडपे अस्वस्थ झाले. मुलगा म्हणाला, "काकू, आम्ही निम्मे देतो, मिटवून टाकू या." ताईचाही धीर एका रात्री सुटला. गुडघे दुखत होते, सामान बांधून पडले होते. मला फोन करून म्हणाली, "देऊन टाकू का रे?" मी काय सांगणार? मी म्हणालो, तू ठरव. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी दिले तर माझ्या नंतरच्याला सांगतील, त्या बाईंनीसुद्धा दिले."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार दिली. तिथे दोन खेपा झाल्या. कार्यालयातून सोसायटीला पत्र गेले. दहाव्या आठवड्यात कमिटीची सभा झाली आणि सर्टिफिकेटच्या पाठीवर नवे नाव लागले. सेक्रेटरी स्वतः ते द्यायला वर आले. थोडे ओशाळलेले होते. ताईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "गच्चीचं काम मात्र करून घ्या हं. महिन्याला वर्गणी काढा, पण करा. ही मुलं नवीन आहेत, पावसाळ्याच्या आत झालं तर बरं."

त्या वर्षी सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. मी उभा राहिलो आणि दोन ठराव मांडले. पहिला, यापुढे हस्तांतराच्या वेळी मर्यादेबाहेर एक रुपयाही, कोणत्याही नावाने घ्यायचा नाही. दुसरा, दुरुस्ती निधीत दर ब्लॉकमागे महिन्याला पाचशे रुपयांची वाढ. बत्तीस ब्लॉक; वर्षाला एक लाख ब्याण्णव हजार. एका निघालेल्या बाईकडून जेवढे मागितले होते, जवळजवळ तेवढेच बत्तीस राहणाऱ्यांनी वर्षभरात वाटून द्यायचे. सभा तापली. एकाने विचारले, की तुम्ही खजिनदार असताना का नाही सुचले? प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, तेव्हा मी राहणारा होतो. माझी बहीण निघणारी झाली तेव्हा सुचले. चौदा विरुद्ध अकरा मतांनी ठराव मंजूर झाले. पाचशे रुपयांबद्दल दोन शेजारी माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते.

२००१ साली घातलेली पंचवीस हजारांची मर्यादा २०१४ च्या आदर्श उपविधींतही तीच राहिली. रुपया स्वस्त झाला, ती वाढवा, असे कमिट्या म्हणतात. त्यावर चर्चा जरूर व्हावी. पण ती उघड व्हावी, शासनाच्या आदेशाने व्हावी, आणि आकडा प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लिहिलेला असावा. घर घेणाऱ्याला तो पहिल्या दिवशी दिसला पाहिजे. चहाच्या कपासोबत शेवटच्या दिवशी कळता कामा नये.

सभेनंतर काही दिवसांनी मी नव्या सेक्रेटरींकडून जुनी दप्तरे मागून घेतली. 'आय' नमुन्याच्या नोंदवहीत प्रत्येक सभासदाला एक पान असते. तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांचे पान सापडले. नाव, व्यवसाय, शेअर पाच, सभासद झाल्याची तारीख, सभासदत्व संपल्याची तारीख, कारण: हस्तांतर. पत्त्याच्या जागी आमच्याच इमारतीतला त्यांचा जुना ब्लॉक. कोकणातल्या गावाचे नाव कुठेच नव्हते. पंधरा हजार परत करावेत असा माझा विचार होता. जाणाऱ्या माणसाला पुढचा पत्ता विचारून ठेवावा, हेही आम्हाला तेव्हा सुचले नव्हते.